जुन्या टीव्ही बातम्यांच्या टेपमधून डॉक्युमेंटरी कशी करायची

गिरणगाव, 26 जुलैचा पूर किंवा आपल्याच वॉर्डावर काही करायचं म्हटलं की लोक आधी कॅमेरा भाड्याने घेतात, पण बरंचसं शूटिंग कुणीतरी तेव्हाच करून ठेवलेलं असतं. आधी ते शोधा. वरळीचं दूरदर्शन केंद्र 1972 पासून आहे, तिकडे रीतसर अर्ज करा, पण खरी मजा लोकल केबलवाल्यांकडे, एरियात बातम्या चालवायचे ना ते, त्यांच्या माळ्यावर व्हीएचएस आणि मिनी डीव्हीची खोकी पडलेली असतात.

टेप हातात आली की लगेच व्हीसीआरमध्ये घालू नका!! मुंबईची हवा दमट, कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून बघा, रिळाच्या कडेला पांढरी पावडर दिसली तर ती बुरशी, ती व्हीसीआरचं हेड (टेप वाचणारा भाग) खराब करते आणि पुढच्या टेपलाही लागते. अशी टेप वेगळ्या पिशवीत ठेवून साफ करणाऱ्याकडे द्या. चांगल्या व्हीएचएसची मागची प्लास्टिकची पट्टी तोडून टाका, म्हणजे चुकून वर रेकॉर्ड होणार नाही.

कॅप्चर करताना, म्हणजे टेप कॉम्प्युटरवर उतरवताना, मूळ साईझच ठेवा, 720 बाय 576, सेकंदाला 25 फ्रेम, इंटरलेस्ड (प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन भागांत) आहे तसंच. डीइंटरलेस नंतर कॉपीवर करा. आणि प्लीज 4:3 ची फ्रेम ताणून 16:9 करू नका, माणसं जाडी दिसतात. बाजूला काळी पट्टी राहू दे, कुणाचं काही बिघडत नाही.

आता सगळ्यात कंटाळवाणं पण सगळ्यात महत्त्वाचं काम, लॉगिंग. एक्सेल उघडा, टेप नंबर, टाईमकोड (शॉट टेपवर कितव्या मिनिटा-सेकंदाला आहे), जागा, कोण बोलतंय आणि निवेदक काय म्हणतोय ते वेगळ्या कॉलममध्ये, कारण चित्र एक सांगतं आणि निवेदन भलतंच सांगतं असं बऱ्याचदा होतं, आणि माझ्या मते तुमची फिल्म तिथेच सापडते. लेबलवरच्या तारखेवर विश्वास ठेवू नका, टेप पुन्हा पुन्हा वापरलेल्या असतात. फ्रेममध्ये बघा, भिंतीवर कुठल्या सिनेमाचं पोस्टर आहे, स्टेशनच्या बोर्डावर व्हीटी आहे की सीएसटी (नाव 1996 ला बदललं). गिरणी संप जानेवारी 1982 मध्ये सुरू झाला आणि दूरदर्शन रंगीत झालं त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, त्यामुळे संपाच्या पहिल्या आठवड्यातली म्हणून कुणी रंगीत टीव्ही क्लिप दिली तर जरा थांबा, जुन्या पेपरात ताडून बघा. दुसऱ्याच मोर्चाचे शॉट या मोर्चाला जोडणं म्हणजे सरळ फसवणूक, मग एडिट कितीही भारी असो.

परवानगीचं काम शेवटावर ढकलू नका. प्रसारणाचा हक्क 25 वर्षांचा असतो पण फुटेजवरचा कॉपीराइट 60 वर्षांचा, म्हणजे 2005 च्या पुराच्या क्लिपचा 2065 पर्यंत, आणि मागे वाजणाऱ्या गाण्याचा हक्क आणखी वेगळा. केबलवाला "घेऊन जा रे" म्हणाला तरी कागदावर सही घ्या, त्यात फेस्टिव्हल, यूट्यूब, ओटीटी सगळं नाव घालून लिहा, आणि शूट त्याच्याच माणसाने केलं होतं का तेही तिथेच विचारून घ्या.