एकांकिका बसवताय? तालमीची भाषा आधी कानावर पडू द्या

पहिल्यांदाच नाटक करणारी मुलं संज्ञांची यादी पाठ करून येतात आणि दिग्दर्शक 'उजव्या विंगेतून (म्हणजे रंगमंचाच्या बाजूच्या आडोशातून) ये' म्हणाला की हमखास डावीकडून उगवतात. त्यापेक्षा काम पुढे सरकेल तसे शब्द उचला.

वाचन. लिखित नाटक म्हणजे संहिता. ती दुसऱ्याची असेल तर लेखकाची लेखी परवानगी आधी घ्या. मग सगळ्यांनी गोलात बसून वाचा. पाठांतराची घाई नको. या प्रवेशात माझ्या पात्राला समोरच्याकडून काय हवंय, एवढं शोधा. शेजारी घड्याळ ठेवा. पुण्यातली पुरुषोत्तम करंडक ही महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा १९६३पासून चालू आहे. अशा स्पर्धांना वेळेची मर्यादा असते आणि बसून अर्ध्या तासात संपलेली एकांकिका हालचाली, पॉझ आले की लांबतेच.

हालचाली, म्हणजे ब्लॉकिंग. उजवं-डावं नेहमी नटाचं, तोही प्रेक्षकांकडे तोंड करून उभा असताना. 'डाऊन' म्हणजे प्रेक्षकांकडे, 'अप' म्हणजे मागच्या पडद्याकडे. युरोपातल्या जुन्या रंगमंचांना पुढे उतार असे, मागे जाणारा नट खरोखरच चढायचा. तिथून हे शब्द आले. संहितेच्या समासात पेन्सिलीनंच लिहा, कारण हालचाली रोज बदलतात. दोन नट एका रेषेत आले की मागचा झाकला जातो. त्याला मास्किंग म्हणतात. मागच्यानं अर्धं पाऊल सरकलं तरी काम होतं.

क्यू. माझ्या मते सगळ्यात जास्त तालीम याची हवी. ज्या शब्दावर, हालचालीवर किंवा आवाजावर पुढची गोष्ट घडते, तो क्यू. आमच्या एका प्रयोगात नायकानं रिसीव्हर उचलला, 'हॅलो' म्हणाला आणि मग फोन वाजला. प्रेक्षागृह हसून फुटलं, नायकाचं बेअरिंग, म्हणजे भूमिकेवरची पकड, सुटलं. चूक आवाजवाल्याची नव्हतीच. त्याच्या प्रतीत 'फोन वाजतो' एवढंच होतं, कोणत्या शब्दावर ते कुणी लिहिलंच नव्हतं. म्हणून क्यूचा शब्द अधोरेखित करा आणि प्रकाश-आवाजवाल्यांना पहिल्या आठवड्यापासून तालमीला बसवा.

नेपथ्य. सेट नंतर येईल. तोवर वर्गाच्या फरशीवर चिकटपट्टीनं दारं-खिडक्या आखा आणि त्या 'भिंतीतून' कुणालाही जाऊ देऊ नका. पेला, पत्र, छत्री ही हातातली सामग्री म्हणजे प्रॉपर्टी. ती एकाच्याच ताब्यात ठेवा.

शेवटच्या दोन तालमी. तांत्रिक तालमीत नट थांबतात, प्रकाश आणि आवाज जुळवले जातात. रंगीत तालीम मात्र रंगभूषा-वेशभूषेसह, प्रयोगासारखी सलग. वाक्य विसरलं तरी थांबायचं नाही.

प्रयोगाच्या दिवशी तिसरी घंटा झाली की विंगेत कुजबुज बंद. आणि विंगेतून तुम्हाला प्रेक्षक दिसत असतील तर मागे सरका. त्यांनाही तुम्ही दिसताय.