नकाशात वंश कसा शोधायचा: अलाबामाचा धडा

अमेरिकेत आपल्यासारखे राखीव मतदारसंघ नाहीत. कृष्णवर्णीयांच्या मताला वजन किती, हे मतदारसंघाची रेषा कुठून जाते यावर ठरतं, आणि ती रेषा बहुतेक राज्यांत जनगणनेनंतर विधिमंडळच आखतं. म्हणून नकाशा तपासता यायला हवा. अलाबामाचा २०२१चा नकाशा सरावाला चांगला.

आधी आकडे मांडा. राज्यात कृष्णवर्णीय साधारण २७ टक्के, संसदेच्या प्रतिनिधिगृहातल्या जागा सात. त्रैराशिकाने जवळपास दोन येतात. प्रत्यक्षात बहुमत एकाच मतदारसंघात होतं. एवढ्यावर निष्कर्ष काढू नका, कारण लोकसंख्येच्या प्रमाणात जागा मिळण्याचा हक्क संघराज्याचा मतदान हक्क कायदा देत नाही. टक्केवारी १८ वर्षांवरच्यांचीच घ्या. लॅटिनो वस्ती असेल तर त्यातले नागरिक वेगळे मोजा, नाहीतर कागदावरचं बहुमत मतदानात दिसत नाही.

मग रेषा पाहा. राज्याच्या मधोमध ‘ब्लॅक बेल्ट’ आहे. नाव पडलं काळ्या, कसदार मातीवरून. त्या मातीत कापूस होता, कापसासाठी गुलाम आणले, त्यांचे वंशज आजही तिथे मोठ्या संख्येने आहेत. २०२१च्या नकाशाने हा पट्टा चार मतदारसंघांत वाटला: बरेच जण सातव्यात कोंबले, बाकीचे इतर तिघांत विखुरले. मॉन्टगोमेरी काउंटीचे दोन तुकडे झाले. कोंबणं आणि विखुरणं, दोन्ही एकाच नकाशात सापडतात.

आता मतदान. केंद्रनिहाय निकाल वस्तीशेजारी ठेवा. मत गुप्त असतं, म्हणून जवळजवळ एकाच वंशाची वस्ती असलेली केंद्रं आधी घ्या. मिश्र केंद्रांवरून फारसं कळत नाही. गोरे मतदार गठ्ठ्याने मत देऊन कृष्णवर्णीयांचा उमेदवार वारंवार पाडतात का, हा सर्वोच्च न्यायालयाच्या १९८६च्या निकालातला कळीचा प्रश्न.

सगळ्यात जास्त फसगत इथे होते: कृष्णवर्णीय बहुसंख्येने डेमोक्रॅटिक पक्षाला मत देतात. त्यामुळे राज्य म्हणतं, आम्ही पक्ष पाहिला, वंश नाही; आणि पक्षीय आखणीत संघराज्याची न्यायालयं २०१९पासून पडत नाहीत. तेव्हा गोऱ्या डेमोक्रॅट वस्त्या आत ठेवून कृष्णवर्णीय वस्त्याच बाहेर काढल्यात का, ते शोधा. २०२४मध्ये साउथ कॅरोलायनाचे तक्रारदार याच मुद्द्यावर हरले. कायद्याचा अर्थही निकालागणिक सरकतो, म्हणून ताजा निकाल आधी वाचा.

आणि मतदारसंघात कृष्णवर्णीय ५० टक्क्यांहून जास्त हवेतच, यावर अडू नका. २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी अलाबामाविरुद्ध कौल दिला. त्यानंतरच्या नकाशात विधिमंडळाने दुसऱ्या मतदारसंघात जेमतेम ४० टक्के कृष्णवर्णीय ठेवले, ते संघराज्याच्या खालच्या न्यायालयाने नाकारलं. त्या न्यायालयाच्या नकाशात ते ४८.७ टक्के होते, आणि २०२४मध्ये तिथून शोमारी फिगर्स हे कृष्णवर्णीय डेमोक्रॅट निवडून आले.