नवरा-बायको दोघंही नोकरीवर, मंग आधी घरी कोण बसणार?

आमच्या इकडं तालुक्याच्या गावात अशी जोडपी लय आहेत, बाई झेडपीच्या शाळेवर अन् नवरा एसटीत कंडक्टर. तो 58 ला रिटायर होऊन उतरला की बाईचे चार-पाच वर्ष बाकीच असतात, अन् मंग घरात रोज तेच, तूही व्हीआरएस घे ना, म्हणजे मुदतीआधीच स्वतःहून रिटायर हो, म्हाताऱ्या आईकडं कोण पाहणार. घाई करू नका, आधी कागद काढा.

एसटीवाल्याची पेन्शन ईपीएसची, म्हणजे पीएफ ऑफिसातून मिळते ती. तिथं पगार कितीही असो, हिशोब साधारण 15000 च्या मर्यादेवरच होते, म्हणून बहुतेकांच्या हातात महिन्याला सात हजाराच्या आतच येतात. अन् 58 च्या आधी उचलली तर दर वर्षामागं 4 टक्के कापतात. बाई 1 नोव्हेंबर 2005 च्या आधी लागलेली असेल तर जुनी पेन्शन, वीस वर्ष सर्व्हिस झाली की तीन महिन्याची नोटीस देऊन निघता येते खरं, पण शेवटचं बेसिक जिथं अडकलं तिथूनच पेन्शन धरतात. म्हणजे घर कोणाच्या पैशावर चालून राहिलं ते पाहा. सासूबाईसाठी दरवेळी सूनबाईनंच नोकरी सोडायची हे मला तर काही पटत नाही बुवा.

मंग सहा महिने ट्रायल घ्या. जो उतरणार त्याची पेन्शन किती बसते तेवढेच त्याच्या पगारातून वापरायचे, बाकीचे पोस्टात आरडीला. हे जून धरूनच करा, कारण बियाणं-खत, पोराची नागपूरची फी, शाळेची वह्या-पुस्तकं सगळं तेव्हाच येते अन् कापसाचा पैसा पाह्यला तर दिवाळीनंतर. महिन्याची सरासरी काढून काही समजत नाही, कालनिर्णयच्या मागच्या पानावर महिन्यावारी लिहा.

एकमुस्त मिळालेल्या पैशातून सिनियर सिटीझन स्कीममध्ये एका माणसाला 30 लाखापर्यंत टाकता येते. वयाची अट 60, पण 55 नंतर रिटायर झालेल्यानं पैसा हातात आल्यापासून तीन महिन्यात खातं उघडलं तरी चालते.

अन् एकमेकाला विचारा, सकाळी दहाला करणार काय? नवरा म्हणते वावर पाहीन, तर वावर मक्त्यानं दिलेलं असते. जूनमध्ये उतरणार असाल तर मक्ता पाडव्यालाच ठरून जाते, म्हणून मार्चातच सांगून ठेवा की यंदा आम्हीच करणार.