पाणकणसाचं आसन: मुलांना विणायला कसं शिकवावं

पावसाळा सरला की नाशिकच्या आसपास पाटाच्या कडेला, शेततळ्यांच्या काठी पाणकणीस, म्हणजे पाण्यात वाढणारं लांब पानांचं गवतासारखं झाड, माणसाच्या डोक्यावर गेलेलं असतं. मालकाला विचारून कापा. सांडपाण्याच्या नाल्यातलं नको. नांदूरमध्यमेश्वरला तर हातच लावू नका. ते अभयारण्य आहे, २०१९ पासून रामसर क्षेत्रही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा.

कापणी मोठ्यांनी करायची, मुलं काठावर. आधी काठीने झोडपून घ्या, साप असतात. कणीस आलेला दांडा ताठ असतो, विणताना मोडतो. पानं तेवढी घ्या.

आता खरी गोम. ‘हिरवी पानं मऊ असतात, लगेच विणायला बसवा’ असं सांगणाऱ्याचं आसन महिन्याभराने बघावं. हिरवं पान वाळताना रुंदीला आकसतं आणि विणीत फटीच फटी. म्हणून पानं आधी सावलीत पूर्ण वाळवा, दोनेक आठवडे तरी. कडक उन्हात ती ठिसूळ होतात. मुलांना एवढा धीर कुठला? त्यांना विणायला मागच्या खेपेची वाळलेली पानं द्या.

मग ओलवणं. या टप्प्याने मला बराच काळ छळलं. रात्रभर बादलीत बुडवून ठेवायचा सल्ला सर्रास मिळतो, तो ऐकू नका. आतला भुसभुशीत गाभा पाणी पितो, पान फुगतं, पुढे पुन्हा तीच रड. पाच-दहा मिनिटं बुडवा, निथळा आणि ओल्या गोणपाटात रात्रभर गुंडाळून ठेवा. सकाळी पान बोटाभोवती वळवून बघा. तडकलं तर ओल कमी. चिमटीत दाबून पाणी सुटलं तर जास्त, जरा वारा लागू द्या. दिवसभरात लागतील तेवढीच ओलवा, उरलेल्यांना बुरशी धरते. आणि ही पारख मुलांनाच करू द्या. तयार पानं पुढ्यात ठेवणारे शिक्षक मला पटत नाहीत. त्यांची मुलं घरी गेल्यावर एक ओळ विणू शकत नाहीत.

विणणं सोपं. सोळा पानं उभी मांडा, एकाचा बुडखा तर शेजारच्याचा शेंडा वर, नाहीतर आसन एका बाजूला निमुळतं होतं. टोकं पट्टीखाली दाबा. आडवं पान एकावरून, एकाखालून. येवल्याच्या मागावरचा ताणाबाणा पाहिलेल्या मुलांना एवढंही सांगावं लागत नाही.

कडा त्याच दिवशी बंद करू नका. नीट ओलवलेलं पानही रात्रीत थोडं आकसतंच. सकाळी ओळी बोटांनी सारून घट्ट करा, टोकं पुन्हा ओली करा आणि मगच आत खोचा.