गाडी तापतेय? काटा कधी चढतो ते आधी बघा

इंजिन तापलं की लगेच रेडिएटर बदलायला निघू नका. तापमानाचा काटा नेमका कधी चढतो ते बघा, निम्मं निदान तिथेच होतं. ट्रॅफिकमध्ये तापतं आणि वेग घेतला की काटा उतरतो? मग संशय रेडिएटरच्या फॅनवर: फ्यूज, रिले (फॅन चालू करणारा विजेचा स्विच), मोटर. बहुतेक गाड्यांत एसी लावला की फॅन फिरायलाच हवा.

उलट हायवेवर किंवा चढावर तापत असेल, तर रेडिएटर आतून चोंदलाय, वॉटर पंप थकलाय किंवा थर्मोस्टॅट (पाण्याचा प्रवाह उघडबंद करणारी झडप) अडकलाय. रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) कढत आणि खालचा गार असेल, तर पाणी नीट फिरत नाहीये. हात जपून लावा. इंजिन बंद असलं तरी फॅन अचानक सुरू होऊ शकतो.

कूलंट (इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरमधलं पाणी) सारखं कमी होतंय पण गाडीखाली थेंबही नाही, हे मात्र गंभीर. डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) दुधाळ ऑइल दिसलं किंवा सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहिला, तर हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा आणि खालचा भाग यांमधलं सील) गेल्याची शक्यता मोठी. अशी गाडी चालवू नका, टो करूनच न्या. आणि इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण कृपा करून उघडू नका, दाबाखालचं उकळतं पाणी थेट अंगावर उडतं.