फर्नेस चालू होते आणि लगेच बंद पडते? या चुका टाळा

न्यू जर्सी असो, शिकागो असो की टोरांटो, थंडी पडली की आपल्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतोच, "फर्नेस दोन मिनिटं चालते आणि बंद होते, काय करू?" आणि मग खाली सल्ले सुरू, कुणी म्हणतं ब्रेकर पाडून परत चालू कर, कुणी म्हणतं आत एक लाल बटण असतं ते दाब, आणि एखादा तर म्हणतो ज्या स्विचने ती बंद होते त्याच्या दोन वायरी जोडून टाक, माझं दोन वर्षं मस्त चाललंय. हा शेवटचा सल्ला वाचला की मला खरंच भीती वाटते. मी याच लाइनमध्ये काम करतो, म्हणून एकदा सविस्तर लिहितोय.

आधी एवढं लक्षात घ्या की गॅस फर्नेस, म्हणजे गॅस जाळून घर तापवणारी भट्टी, अशी मधेच बंद होते तेव्हा बहुतेक वेळा तिला एखाद्या सेफ्टी स्विचने बंद केलेलं असतं. त्यामुळे "चालू कशी करू" याच्या आधी "कुठल्या स्विचने बंद केली आणि का" हे शोधायचं.

ते शोधायला फार काही लागत नाही. थर्मोस्टॅटने हीट मागितली की आधी छोटा इंड्युसर फॅन फिरतो, तो धूर बाहेर ओढतोय हे प्रेशर स्विच बघतो, मग इग्नायटर लालभडक होतो, गॅस व्हॉल्व्ह उघडतो, ज्योत पेटली हे फ्लेम सेन्सर सांगतो आणि थोड्या वेळाने मोठा ब्लोअर सुरू होतो. यातल्या कुठल्या पायरीला गाडी अडते ते समोर उभं राहून बघा. पॅनलवर छोटी काच असते, आत एलईडी ब्लिंक होतो, किती वेळा होतो ते मोजा, त्याचा तक्ता दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो. आणि हे ब्रेकर पाडायच्या आधी करा, कारण बऱ्याच बोर्डांवर पॉवर गेली की कोड पुसला जातो आणि मग टेक्निशियन आला तरी त्याला पहिल्यापासून शोधावं लागतं.

ज्योत पेटते आणि चार-पाच सेकंदांत विझते, असं तीनचारदा होऊन फर्नेस गप्प बसते, हे झालं तर बहुतेक फ्लेम सेन्सरच्या काडीवर थर बसलाय. ती साफ करणं पाच मिनिटांचं काम आहे. पण पुन्हा पुन्हा रिसेट करत बसू नका.

हवा अडवणं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक. फिल्टर सहा महिने बदललेला नाही, किंवा ॲलर्जी आहे म्हणून १ इंची जागेत मर्व्ह १३ चा (बारीक धूळ अडवणारा) जाड फिल्टर कोंबलाय, वर गेस्ट रूम वापरत नाही म्हणून तिथले व्हेंट बंद, आणि रिटर्नच्या (खोलीतली हवा फर्नेसकडे परत नेणाऱ्या) जाळीला टेकून सोफा. लोकांना वाटतं व्हेंट बंद केले की गॅस वाचेल, पण बर्नर तेवढीच उष्णता देत राहतो आणि ती घेऊन जायला हवाच नसते, मग हीट एक्सचेंजर (ज्याच्या आत ज्योत आणि बाहेरून घरातली हवा जाते तो पत्र्याचा भाग) तापतो, हाय लिमिट स्विच बर्नर बंद करतो, थंड झालं की परत चालू, परत बंद. असं हिवाळाभर चाललं की त्या पत्र्याला तडा जाऊ शकतो आणि तडा गेला की जळालेला वायू घरातल्या हवेत यायची वाट मोकळी होते.

तपासायचं कसं, तर फर्नेसच्या प्लेटवर टेम्परेचर राइझ, म्हणजे हवा आतून जाताना किती तापावी ते, लिहिलेला असतो, समजा ३५ ते ६५ फॅरनहाइट. रिटर्न हवा ६८ आणि सप्लाय (तापून बाहेर पडणारी) १४८ असेल तर फरक ८० झाला, म्हणजे हवा कमी पडतेय. फिल्टर बदला, सगळे व्हेंट उघडा, परत मोजा. तरी कमी झाला नाही तर डक्टचं (हवा नेणाऱ्या पत्र्याच्या मार्गाचं) किंवा ब्लोअरचं काम आहे.

नवीन बसवताना "थोडी मोठीच घेऊ" हीसुद्धा चूकच. मोठी फर्नेस घर पटकन तापवते, बंद होते, परत चालू होते आणि जुने डक्ट तिला पुरेशी हवा देऊ शकत नाहीत. घराचा हीट लोड, म्हणजे घराला किती उष्णता लागते ते, काढून मगच साइज ठरवायला सांगा.

रोलआउट स्विच, इथे अजिबात प्रयोग नको

ते लाल बटण म्हणतात ना, ते बऱ्याचदा रोलआउट स्विचचं असतं. बर्नरची ज्योत आत हीट एक्सचेंजरमध्ये जायची सोडून बाहेर आली की हा स्विच सर्किट तोडतो, आणि तो मुद्दाम असा बनवलाय की आपोआप जोडला जात नाही, माणसाने येऊन बघावं म्हणून. ज्योत बाहेर येते म्हणजे धूर बाहेर नेणारा व्हेंट चोंदलाय, एक्सचेंजर आतून बुजलाय किंवा फुटलाय, नाहीतर जळायला हवा पुरत नाहीये. यातलं एकही कारण बटण दाबून जात नाही. त्याने सर्किट तोडलं की गॅस कॉक बंद करा, लायसन्सवाल्या माणसाला बोलवा, आणि त्या रात्रीपुरते इलेक्ट्रिक हीटर लावा. गॅसची शेगडी किंवा ओव्हन उघडून घर तापवायचं नाही. स्विच जंपर करणाऱ्याने, म्हणजे त्याच्या वायरी थेट जोडणाऱ्याने, उद्या आग लागली तर ती थांबवणारं शेवटचं साधन काढून टाकलेलं असतं.

बेसमेंटमधल्या आपल्या सवयी

बेसमेंट फिनिश करताना फर्नेस आणि वॉटर हीटर एका छोट्या खोलीत बंद करून टाकतात, दिसायला छान दिसतं. पण दोन्ही खोलीतलीच हवा घेऊन जळत असतील तर ताशी दर १००० बीटीयूमागे (बीटीयू म्हणजे उष्णतेचं माप) ५० घनफूट जागा लागते हा साधा नियम आहे. ८०,००० ची फर्नेस आणि ४०,००० चा वॉटर हीटर म्हणजे ६,००० घनफूट, आठ फूट उंचीला साडेसातशे चौरस फूट. तेवढी जागा नसेल तर मोठ्या जागेत उघडणाऱ्या दोन जाळ्या लागतात, एक वर छताजवळ, एक खाली जमिनीजवळ, आणि त्यांची साइज बीटीयूवर ठरते. कॉन्ट्रॅक्टरला हे परमिट काढूनच करायला लावा, इन्स्पेक्टर हेच बघायला येतो.

त्याच खोलीत गणपतीच्या मखराचं थर्माकोल, रिकामे खोके, रंगाचे डबे, थिनर ठेवलेलं मी कितीतरी घरांत बघितलंय. हे सगळं तिथून हलवा, आजच. ब्लीचसुद्धा, त्याची वाफ बर्नरमध्ये गेली की एक्सचेंजर गंजतो.

आणि आपला स्वयंपाक. फोडणीसाठी जोरदार चिमणी, वर बाथरूमचे फॅन, ड्रायर, सगळं एकदम चालू आणि खिडक्या घट्ट बंद, तर घर कुठून तरी हवा ओढणारच, आणि कधी कधी ती वॉटर हीटरच्या चिमणीतून उलटी ओढतं, धुरासकट. तपासायला उदबत्ती पुरते. गॅसचा वास अजिबात नाही याची खात्री करा, सगळे फॅन चालू करा, दारंखिडक्या बंद करा, फर्नेस आणि वॉटर हीटर पाच मिनिटं पेटू द्या आणि वॉटर हीटरच्या वरच्या उघड्या छत्रीजवळ उदबत्ती धरा. धूर आत ओढला जायला हवा, तो खोलीत परत येत असेल तर स्वयंपाकघरातली चिमणी आणि सगळे फॅन बंद करा आणि माणूस बोलवा.

ज्यांची हाय एफिशियन्सी फर्नेस आहे, म्हणजे पांढरे पीव्हीसी पाइप भिंतीतून बाहेर जातात, त्यांनी प्रत्येक मोठ्या बर्फानंतर बाहेर जाऊन ते पाइप मोकळे करायचे. या फर्नेसमधून पाणीही निघतं, त्याचा ट्रॅप तुंबला किंवा ड्रेनचा पाइप थंड गराजमध्ये गोठला की प्रेशर स्विच जोडलाच जात नाही, इंड्युसर नुसता फिरत राहतो.

कार्बन मोनॉक्साइड आणि गॅसचा वास

हे दोन वेगळे धोके आहेत. गळणाऱ्या गॅसला मर्कॅप्टनचा (वासासाठी मुद्दाम मिसळलेल्या रसायनाचा) सडका वास असतो, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून अलार्म प्रत्येक मजल्यावर आणि बेडरूमच्या बाहेर हवाच. नेहमीचा अलार्म ७० पीपीएमला एक ते चार तासांनी वाजतो, ४०० ला ४ ते १५ मिनिटांत, म्हणजे तो वाजला की हवा आधीच वाईट झालेली असते. बॅटरी काढायची नाही, लहानमोठ्या सगळ्यांना घेऊन बाहेर, आणि ९११. अलार्म वाजला नाही पण घरातल्या सगळ्यांचं डोकं दुखतंय, मळमळतंय आणि बाहेर गेलं की बरं वाटतंय, तरी हेच करा.

वास आला तर लाइटचं बटण चालू नाही, बंदही नाही, फोनसुद्धा बाहेर गेल्यावर. नॅचरल गॅस हवेपेक्षा हलका, वर जातो. ज्यांच्याकडे प्रोपेन आहे त्यांनी लक्षात ठेवा, तो आपल्या सिलिंडरच्या गॅससारखा जड असतो आणि बेसमेंटच्या तळाला साठतो.

हॉल, दुकान, गोडाऊनसाठी डक्ट फर्नेस

हिला स्वतःचा ब्लोअर नसतो, डक्टमध्ये बसवतात आणि हवा दुसरा फॅन देतो. तो फॅन फर्नेसच्या आधी बसवायचा, म्हणजे तो हवा ढकलतो. फर्नेसच्या नंतर बसवला तर तो हवा ओढतो आणि एक्सचेंजरला भोक पडलं की धूर थेट लोकांत. हवा आली नाही तर बर्नर पेटूच नये असं इंटरलॉक हवं. एसीच्या कॉइलनंतर बसवली असेल तर उन्हाळ्यात आत पाणी धरतं, त्यासाठी स्टेनलेसचा एक्सचेंजर आणि ड्रेन घ्या. डक्टला दोन्ही बाजूंना तपासायची झाकणं ठेवा, नाहीतर पुढे कुणीच आत बघत नाही.

सर्व्हिसिंग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच करून घ्या, तेव्हा माणूस मिळतो आणि निवांत बघतो. नुसतं "ऑल गुड" ऐकून सोडू नका, फ्लूमधला (धूर बाहेर नेणाऱ्या पाइपमधला) कार्बन मोनॉक्साइड, टेम्परेचर राइझ आणि मॅनिफोल्ड प्रेशर (बर्नरला जाणाऱ्या गॅसचा दाब) हे तीन आकडे बिलावर लिहून मागा. प्रेशर नॅचरल गॅसला साधारण ३.५ इंच आणि प्रोपेनला १० इंच वॉटर कॉलम असतं, नक्की किती ते तुमच्या प्लेटवर लिहिलेलं असतं, तिथेच शेजारी उभं राहून जुळवून बघा.