मितोमा किती पॉप्युलर? पहिला डेटा प्रोजेक्ट करणाऱ्यांसाठी

स्पोर्ट्स ॲनालिटिक्समध्ये शिरायचंय, पहिला प्रोजेक्ट काय करू, असं विचारणाऱ्यांना मी एकच सांगतो, एखादा जपानी फुटबॉलर घ्या आणि त्याची ऑनलाइन लोकप्रियता मोजून दाखवा. मेस्सी-रोनाल्डो नको, त्यांचा आलेख कायम वरच असतो. मी काओरु मितोमा घेतला होता, इंग्लंडच्या ब्रायटन क्लबचा विंगर, म्हणजे कडेने पळून हल्ला करणारा खेळाडू.

इन्स्टाच्या फॉलोअर्सच्या नादी लागू नका, तो आकडा नुसता साठत जातो, कधीकाळी फॉलो केलेला माणूस आज त्याची मॅच बघतो का हे त्यातून कळत नाही. ट्विटरवरून (आता एक्स) फुकटात डेटा ओढायची सोय २०२३ मध्ये गेली. मग उरतं काय, तर गूगल ट्रेंड्स (एखादा शब्द कधी किती शोधला गेला ते दाखवणारं गूगलचं पान) आणि विकिपीडियाचे पेजव्ह्यूज (एखादं पान किती वेळा उघडलं गेलं), आणि सुरुवातीला तेवढं पुष्कळ झालं.

ट्रेंड्समध्ये १०० दिसलं म्हणजे १०० सर्च नव्हेत, तुम्ही निवडलेल्या काळातला आणि देशातला तो सगळ्यात वरचा टप्पा, बाकी सगळं त्याच्या तुलनेत. आणि नाव नुसतं टाइप करू नका, खाली 'टॉपिक' येतो तो निवडा. नुसतं कुबो टाकलंत तर ताकेफुसा कुबोबरोबर 'ब्लीच' मांगावाला कुबोही येणार! मितोमाचं तर आडनावातलं दुसरं कांजी (जपानी चित्रलिपीतलं) अक्षर इतकं दुर्मिळ की जपानी लोकसुद्धा त्याच्यासारखंच दिसणारं भलतं अक्षर टाकतात.

आता १ डिसेंबर २०२२ घ्या. कतार वर्ल्ड कप, जपान-स्पेन. ५१व्या मिनिटाला मितोमाने लाइनीबाहेर गेलाच म्हणावा असा बॉल आत ओढला, आओ तनाकाने जाळ्यात ढकलला, व्हीएआरने (व्हिडिओ बघणाऱ्या पंचांनी) बघत बघत शेवटी गोल दिला आणि जपान २-१ जिंकला. तेव्हा जपानात २ तारखेची पहाट, पाच वाजून गेलेले. पण विकिपीडियाचा दिवस यूटीसीने, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेने चालतो आणि जपान त्याच्या ९ तास पुढे, म्हणजे पहाटेपासून सकाळी नऊपर्यंत ज्यांनी पान उघडलं ते १ तारखेत मोजले गेले आणि नऊनंतरचे २ तारखेत. एकच लाट, दोन दिवसांत फाटलेली. हे न बघता कोणी 'दुसऱ्या दिवशीही उत्सुकता टिकून होती' असं लिहिलं की मी तिथेच वाचायचं थांबवतो. ताशी आकडे हवेत तर विकिमीडियाचे (विकिपीडिया चालवणारी संस्था) डंप, म्हणजे कच्च्या डेटाच्या फाइली उतरवा, फाइली भल्यामोठ्या आहेत, नेट बघून करा.

त्या गोलवरून जपानात 'मितोमाचा १ मिलिमीटर' असं म्हणायला लागले, कारण बॉल जेमतेम तेवढाच लाइनीवर होता. ते शोधणाऱ्याला बऱ्याचदा फक्त वरून काढलेला तो फोटो बघायचा असतो, त्याला फॅन म्हणायचं का? मी ते सर्च वेगळे ठेवतो.

जपानी आणि इंग्रजी पानांच्या रेषा वेगळ्या काढा, बेरीज करू नका. इंग्रजीत जानेवारी २०२३ बघाच, २९ तारखेला एफए कपमध्ये त्याने लिव्हरपूलविरुद्ध इंज्युरी टाइममध्ये विजयी गोल मारला. शिवाय त्सुकुबा युनिव्हर्सिटीत त्याने ड्रिब्लिंगवरच प्रबंध लिहिला होता, त्याच्या बातम्या कधी फिरल्या तेही तारखेनिशी टिपून ठेवा, नाहीतर प्रत्येक उंचवटा तुम्ही मॅचच्याच नावावर टाकाल.

सेंटिमेंट ॲनालिसिस (लोकांचं लिहिणं कौतुकाचं की टीकेचं हे मशीनकडून ओळखणं) पहिल्याच प्रोजेक्टात घुसडू नका. जपानीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, आधी मेकॅबसारख्या टूलने वाक्य तोडावं लागतं, आणि तोडल्यावरही टोमणा तो टोमणाच, मशीनला कौतुक वाटतं. करायचंच असेल तर पुण्यात जपानी शिकणारे ढिगाने आहेत, एखादा गाठा आणि लोकांनी लिहिलेले थोडे जपानी मेसेज त्याच्याकडून हाताने तपासून घ्या.